पाच धावा, एक थंडी आणि 'आपण' : बुलढाण्यातल्या एका विजयाच्या आठवणी

खेळाचा इतिहास लिहिणे सोपे आहे, असा एक समज आहे. राजकीय इतिहासात कागद हरवतात, तारखा जुळत नाहीत, पक्षपाती साक्षी भेटतात. खेळात मात्र धावफलक असतो. कोण जिंकले, कितीने जिंकले, कोणी किती गडी बाद केले, हे सारे त्याच दिवशी नोंदले जाते आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. मग आठवणी गोळा करण्याचे प्रयोजन काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार एका सामन्याच्या निमित्ताने करणार आहोत. सामना कोलकात्याला झाला. आठवणी बुलढाणा जिल्ह्यातल्या आहेत.

आधी कागद पाहू. १७ ते २१ डिसेंबर २०१७ या काळात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भ आणि कर्नाटक यांच्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर ३०१ केल्या. ११६ धावांनी मागे पडलेला संघ दुसऱ्या डावात ३१३ पर्यंत पोचला. त्यात गणेश सतीशच्या ८१ धावा होत्या. हा फलंदाज पूर्वी कर्नाटकाकडूनच खेळत असे. कर्नाटकाला १९८ धावांचे लक्ष्य मिळाले. चौथ्या दिवसअखेर त्यांच्या ७ बाद १११ धावा होत्या. म्हणजे ८७ धावा हव्या होत्या आणि ३ गडी शिल्लक होते. शेवटच्या सकाळी हे तीन गडी सहज पडले नाहीत. कर्णधार विनय कुमारने प्रतिकार केला, श्रेयस गोपाळ आणि अभिमन्यू मिथुन यांनी धावसंख्या लक्ष्याच्या अगदी जवळ नेली. अखेर १९२ वर डाव संपला आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने ६८ धावांत ७ गडी बाद केले. शेवटच्या सकाळचे तिन्ही बळी त्याचेच. १९५७-५८ च्या हंगामापासून रणजी करंडकात खेळणारा हा संघ साठ वर्षांनी प्रथमच अंतिम फेरीत पोचला.

कागद एवढेच सांगतो. त्यात चूक नाही. परंतु या सामन्याविषयी आम्ही आमच्या जिल्ह्यातल्या परिचितांशी बोलू लागलो तेव्हा कागदाशी न जुळणाऱ्या गोष्टी एकामागून एक पुढे येऊ लागल्या. त्यातल्या तीन येथे नोंदवतो.

पहिली आठवण मेहकर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची. त्या आठवड्यात त्यांच्याकडे वीज रात्रीची होती, त्यामुळे गव्हाला पाणी रात्रीच द्यावे लागे. "रातभर पाण्यावर होतो. हात पार बधिर झाले होते. मोबाइल पाहिला त पाच रनानं जितलो होतो आपून," असे ते सांगतात. त्यांच्या सांगण्यात निकाल अंधारात लागतो, बांधावर, कडाक्याच्या थंडीत. प्रत्यक्षात निकाल लागला तो सकाळच्या उन्हात.

दुसरी आठवण चिखलीच्या एका शिक्षकांची. शेवटचा गडी उमेश यादवने बाद केला, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. आम्ही धावफलक दाखवल्यावर त्यांनी तो पाहिला, मान्य केला, आणि दोन दिवसांनी बोलताना पुन्हा उमेश यादवचेच नाव घेतले.

तिसरी आठवण मलकापूरच्या एका चहाच्या दुकानावरची. तेथे जमणाऱ्या मंडळींच्या मते हा अंतिम सामनाच होता आणि याच विजयाने विदर्भाला करंडक मिळाला. अंतिम सामना निराळा होता, तो दिल्लीविरुद्ध इंदूरला झाला, हे सांगितल्यावर त्यांना आश्चर्य वाटले.

या तीन चुकांचे काय करायचे? आपल्याकडे इतिहासलेखनाची जी शिस्त रुजली तिच्यात याचे उत्तर ठरलेले आहे. राजवाड्यांनी अस्सल कागदाला बखरीहून वरचे स्थान दिले, आणि ते योग्यच होते. बखरकाराची कालगणना आणि संख्या यांवर विसंबून इतिहास उभा राहत नाही. त्या न्यायाने वरील तिन्ही साक्षी बाद ठराव्यात. परंतु बखरीची चूक बखर कोणाच्या मनातून आली हे सांगते, हे साहित्याच्या अभ्यासकाला निराळे सांगायला नको. इटलीतील अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी याच वाटेने एक महत्त्वाचे काम केले. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा एक तरुण कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीला बळी पडला. पुढे गावातल्या पुष्कळांच्या आठवणीत हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळच्या संघर्षात जाऊन बसला. पोर्तेल्लींनी ही चूक दुरुस्त केली, पण तेथे थांबले नाहीत. लोकांनी तो मृत्यू तेथे का नेला, असा प्रश्न त्यांनी विचारला. एका मोठ्या पराभवाला आणि एका निरर्थक वाटणाऱ्या मृत्यूला एकमेकांच्या आधाराने अर्थ मिळत होता, असे त्यांच्या ध्यानात आले.

हाच प्रश्न आपण आपल्या तीन साक्षींना विचारून पाहू.

मेहकरच्या शेतकऱ्याने निकाल सकाळवरून रात्रीत का नेला? २० डिसेंबरच्या संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा ८७ धावा आणि ३ गडी हे गणित डोक्यात घेऊन तो पाण्यावर गेला होता. वाट पाहणे रात्रीचे होते. निकाल सकाळी कळला असला तरी त्याने तो मिळवला रात्री, बारे देता देता. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या ज्या व्यक्तीशी आम्ही बोललो तिने थंडीचा उल्लेख केला, "काय थंडी होती त्या मॅचले!" हे वाक्य थोड्याफार फरकाने सर्वत्र ऐकू आले. त्यांपैकी एकही जण कोलकात्याला गेला नव्हता. सामन्याला असलेली थंडी ईडन गार्डन्सवरची नव्हती. ती अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाण्याची, घाटावरच्या शिवारांची आणि पहाटेच्या बसथांब्यांची होती. रणजी सामन्यांना प्रेक्षक फार थोडे असतात, तेव्हा या विजयाचे बहुतेक स्मरणकर्ते हे न पाहिलेल्या गोष्टीचे साक्षीदार आहेत. त्यांनी सामना पाहिला नाही, म्हणून त्यांनी त्याला आपल्या अंगणातले हवामान दिले.

चिखलीच्या शिक्षकांची चूक याहून सरळ आहे. उमेश यादव हे नाव भारतीय संघामुळे सर्वांना ठाऊक होते. नागपूरजवळच्या खाण कामगाराचा हा मुलगा विदर्भातला पहिला असा वेगवान गोलंदाज, ज्याच्याकडे खेड्यातली मुले बोट दाखवू शकत. रजनीश गुरबानी हे नाव तेव्हा नवे होते. स्मृती अनोळखी माणसाचे काम ओळखीच्या माणसाच्या खाती जमा करते. ओव्या, अभंग आणि सुभाषिते यांच्या कर्तृत्वाचा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. परंतु येथे इतिहासाने आपले कर्तव्य केले पाहिजे: ते तीन गडी गुरबानीचे होते, आणि हे वारंवार सांगितले पाहिजे. आठवणीचा आदर म्हणजे एकाच्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याला देण्याची मुभा नव्हे.

मलकापूरची चूक सर्वांत विचार करायला लावणारी आहे. अंतिम सामना लोक का विसरले? तो २९ डिसेंबर २०१७ ते १ जानेवारी २०१८ असा झाला. त्यात गुरबानीने हॅट्‌ट्रिक साधली, अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या, शेजारच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेने पदार्पण केले, आणि विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. फैज फजलच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली पहिला करंडक आला. पण सामना एकतर्फी होता. वाट पाहण्याची रात्र त्यात नव्हती. दुसरे कारण खेळाबाहेरचे आहे. विजयाचा दिवस १ जानेवारी २०१८ हा होता. त्याच दिवशी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद पाळला गेला. त्या आठवड्यात गावोगावच्या पारांवर आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर बोलणे क्रिकेटचे नव्हते, आणि ते तसे नसणे स्वाभाविक होते. करंडक आला तेव्हा आनंद करायला मन मोकळे नव्हते. म्हणून लोकांनी करंडक दहा दिवस मागे नेला आणि जेथे निर्भेळ आनंद झाला होता तेथे ठेवला, असे आम्हांस वाटते.

निर्भेळ हा शब्दही जपूनच वापरावा लागेल. आमच्याशी बोललेल्या एका बाईंना क्रिकेटमध्ये काडीचा रस नाही. त्यांना सामना आठवतो तो मुलगा मोबाइल घेऊन ओरडत घरात आला म्हणून. कोणते साल, असे विचारल्यावर त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "बोंडअळीचं साल." २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची धूळधाण केली होती. बोंडे बाहेरून शाबूत दिसत आणि फोडल्यावर आत अळी निघे. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. आपल्या खेड्यांची कालगणना पंचांगापेक्षा अशा संकटांनी चालत आली आहे. दुष्काळाचे साल, पटकीचे साल, तसे हे बोंडअळीचे साल. पाच धावांचा विजय या सालात पडला. त्या हिवाळ्यात हाती आलेली गोष्ट म्हणून लोकांनी तो धरून ठेवला, हे त्यांच्या बोलण्यावरून स्पष्ट दिसते. त्या विजयाने कोणाचे कर्ज फिटले नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

आता शीर्षकातल्या शब्दाकडे येऊ. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत: 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, 'आपण' त्याला आत घेते. बुलढाणा जिल्ह्यात विदर्भाच्या क्रिकेट संघाविषयी यांपैकी कोणते सर्वनाम वापरतात? आमची स्वतःची आठवण अशी की २०१७ पूर्वी कोणतेच वापरत नसत. 'नागपूरवाले' असा तृतीयपुरुषी उल्लेख होई. याला कारणे आहेत. बुलढाण्याहून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. सिंदखेडराजा आणि देऊळगावराजाच्या माणसाला जालना अधिक जवळचे. मलकापूरचा ओढा भुसावळकडे. जालन्याचा मुलगा पुण्याच्या संघटनेखालील महाराष्ट्र संघाकडे पाहणार आणि सिंदखेडराजाचा मुलगा नागपूरकडे, ही विभागणी क्रिकेटच्या कारभाराने केलेली आहे. तिच्या मागे राजकीय इतिहास आहे. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. १९५६ मध्ये मात्र हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. राज्य झाले नाही, पण पुनर्रचनेनंतर लगेचच संघ झाला. राजकीय नकाशावर नसलेले नाव धावफलकावर साठ वर्षे होते, आणि बहुतेक वेळा ते हरणाऱ्या बाजूला होते.

२१ डिसेंबर २०१७ च्या आठवणी सांगताना मात्र आम्हांला भेटलेल्या प्रत्येकाने 'आपण' किंवा 'आपून' म्हटले. यावरून वेगळ्या राज्याच्या मागणीविषयी काही अनुमान काढणे घाईचे होईल. त्यांतल्या कित्येकांना ती मागणी मान्य नाही. घडले ते याहून लहान आणि आमच्या मते याहून टिकाऊ आहे. नागपूरच्या तरुण गोलंदाजाने, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या फलंदाजाने आणि मुंबईच्या प्रशिक्षकाने मिळून जे केले, त्याला मेहकरच्या शेतकऱ्याने आपले म्हटले. सर्वनाम बदलण्याला इतिहासात घटना म्हणून स्थान नसते. धावफलकात तर नसतेच. ते सापडते फक्त आठवणीत, आणि म्हणून आठवणी गोळा करायच्या.

विदर्भाने पुढे २०१८-१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून करंडक राखला आणि २०२४-२५ च्या हंगामात तिसऱ्यांदा जिंकला. मार्च २०२५ मध्ये नागपूरला केरळविरुद्धचा तो अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. त्यात दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा फलंदाज होता करुण नायर. २०१७ मध्ये कर्नाटकाकडून १५३ धावा करून ज्याने बुलढाण्यातल्या घराघरांत धास्ती निर्माण केली होती, तोच.

चिखलीच्या त्या शिक्षकांना आम्ही हे सांगितले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "म्हणजे तो तेव्हाही आपलाच होता की." ही चूक आम्ही दुरुस्त केली नाही.