घरी घोटलेला सुगंधित खर्रा ‘सौम्य’ असतो का?

भद्रावती, वरोरा, माजरी या भागांतून तोंडाची तक्रार घेऊन येणाऱ्यांना खर्ऱ्याबद्दल विचारले की बरेचदा एक उत्तर मिळते: “डॉक्टर, ठेल्यावरचा खात नाही, घरचाच घोटतो.” सुपारी स्वतः निवडून कातरलेली, तंबाखू धुतलेली किंवा तव्यावर भाजलेली, चुना बेताचा. वरून वेलची, लवंग, केवड्याचे पाणी किंवा थंडाव्यासाठी मेंथॉलचा खडा. पानठेल्यावरच्या पुडीत काय असते कोणास ठाऊक, घरच्यात निदान भेसळ नाही, असा त्यामागचा हिशोब असतो.

भेसळ नसेल, हे मान्य. पण खर्ऱ्याने होणाऱ्या आजाराला भेसळ लागतच नाही. अस्सल सुपारी आणि अस्सल तंबाखू त्याला पुरेशी आहे.

सुगंध नेमके काय करतो?

साधी तंबाखू पहिल्यांदा तोंडात धरणाऱ्याला उचकी लागते, मळमळते, गरगरते. हा शरीराचा नकार असतो. गोडवा, वेलचीचा वास आणि मेंथॉलचा थंडावा तिखटपणा झाकतात, म्हणून नवख्याला ती सहज चालून जाते. पाइप ओढणारे लोक तंबाखूला मध, रम किंवा व्हॅनिला लावतात, तेही याचसाठी. डबा उघडला की मिठाईच्या दुकानासारखा वास येतो. जळल्यावर निघणारा धूर मात्र तितकाच घातक असतो. म्हणूनच अमेरिकेने २००९ मध्ये फळांच्या व मसाल्यांच्या स्वादाच्या सिगारेटींवर बंदी घातली आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये मेंथॉल सिगारेटी बंद केल्या. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी ती सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीपर्यंत वाढवली गेली.

दुसरा परिणाम रुग्णांच्या लक्षात येत नाही. लवंग आणि मेंथॉल तोंडातली जागा थोडी बधिर करतात. दाढ दुखली की आपण लवंग धरतो, तेच. गालात सुरू झालेली आग किंवा छोटी जखम अशा खर्ऱ्याखाली जाणवत नाही. “खर्रा खाल्ला की बरे वाटते,” असे सांगणाऱ्या रुग्णाचे तोंड मी म्हणूनच जास्त बारकाईने पाहतो.

धुतल्याने, भाजल्याने फरक पडतो का?

तंबाखूतील नायट्रोसअमाइन्स ही कर्करोगकारक द्रव्ये पाने वाळवताना, मुरवताना आणि साठवताना तयार होतात. घरी एकदा पाण्यातून काढल्याने तंबाखू निर्धोक होत नाही. भाजल्याने तर धुरात असणारे काही कर्करोगकारक घटक त्यात नव्याने येतात. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. ‘तलफ’ लवकर भागते आणि लवकरच परत येते. गुलाबपाणी शिंपडून डब्यात बंद केलेल्या ओलसर सुपारीवर बुरशीही धरते. वासामुळे ती कळत नाही.

सुपारी: अर्धा आजार इथेच आहे

तंबाखू वाईट हे सगळ्यांना माहीत असते. सुपारीला मात्र आपण पूजेतली, पाहुणचारातली वस्तू मानतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. सुपारीतील अरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साचत जातात आणि मऊ गाल चामड्यासारखा घट्ट होतो. या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात.

सुरुवात साधी असते. रोजची भाजी तिखट लागू लागते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी पडते, बोटाला दोऱ्यासारखे पट्टे लागतात, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. पुढे भाकरीचा घास लहान करावा लागतो. घरचे म्हणतात, “तिखट कमी केले तरी जेवत नाही,” आणि पोटाची औषधे सुरू होतात.

हा थर खर्रा सोडल्यावरही पूर्ववत होत नाही, पण सोडल्यास आजाराचा वेग मंदावतो. भारतातील अशा रुग्णांच्या १७ वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात ७.६ टक्के लोकांना तोंडाचा कर्करोग झालेला आढळला. म्हणजे तेरा जणांमागे साधारण एक. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालातली इंजेक्शने आणि फार घट्ट झाल्यास शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. मात्र खर्रा चालू ठेवून यांपैकी कशाचाही उपयोग टिकत नाही.

घरी करायची तपासणी

स्वतःची तीन बोटे (तर्जनी, मधले, अनामिका) एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर तोंड आखडले आहे असे समजा. उजेडात आरसा धरून दोन्ही गाल, ओठांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलू लागलेला दात किंवा मानेत गाठ दिसली तर थांबू नका. भद्रावतीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. बायोप्सी सांगितली तर घाबरून टाळू नका. तिने कर्करोग पसरत नाही.

घरात लहान मूल असेल तर

गोड वासाचा डबा रांगत्या मुलाला खाऊच वाटतो. मुलाने तंबाखू गिळली आणि लाळ गळणे, उलटी, फिकटपणा, सुस्ती किंवा झटके दिसले, तर तोंडात राहिलेली तंबाखू बोटाने काढा, मुद्दाम उलटी करवू नका आणि लगेच रुग्णालय गाठा. लक्षणे दिसली नाहीत तरी दाखवाच. गरोदर बाईने खर्रा किंवा गुडाखू घेतल्यास बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. गुडाखूकडे दात घासायची वस्तू म्हणून पाहिले जाते, त्यामुळे “काही खाता का?” या प्रश्नाला त्या ‘नाही’ म्हणतात. घरच्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगावे.

सोडताना

चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे, बद्धकोष्ठ हे त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतात आणि बहुतेकांचे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. त्या दिवसांत घरच्यांनी टोमणे मारू नयेत, एवढी विनंती. तंबाखू सोडून ‘साधी’ किंवा मिठी सुपारी धरू नका; गालाचा आजार तसाच वाढतो. भाजलेली जवस, बडीशेप, ओवा किंवा वाळवलेला आवळा चालेल. आवळ्याच्या पुडीत सुपारीचे तुकडे नाहीत ना, हे पाहून घ्या. ज्यांचे तोंड आखडले आहे त्यांना निकोटिनचा च्युइंगम चावणे जड जाते. त्यांनी त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन मोफत आहे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालते. तिकडच्या रुग्णांनी त्यांच्या तालुका क्लिनिकमध्ये चौकशी करावी. डॉक्टरकडे जाताना दिवसाला किती खर्रे, किती वर्षांपासून आणि रात्री गालात ठेवून झोपता का, हे तीन आकडे-उत्तरे लिहून न्या, आणि जमल्यास घरचा डबाही सोबत घ्या.