बंद दर्याची कैफियत

जून उजाडला की मिरकरवाड्यात होड्या किनाऱ्याला लागतात. 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. हा सरकारी हुकूम आहे, एवढेच आपण जाणतो. तो कुणी मिळवला, हे मात्र विचारत नाही. दालदी, खारवी, कोळी आमच्या इतिहासात येतात ते आरमाराच्या प्रकरणात. मजूर म्हणून क्वचितच.

शिडाच्या होडीला पावसाळ्यात दर्याच आत येऊ देत नसे. नारळी पौर्णिमेपर्यंत मासळीला आपोआप उसंत मिळे. इंजिनाने ती मोडली. केरळात नीन्दकरा येथे 1953 साली नॉर्वेच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे परदेशी कोळंबीच्या भावाने ट्रॉलरची रांग लावली. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. त्यात अंडी-पिल्ले सगळीच येतात.

पहिला मोठा आवाज गोव्याच्या रापणकारांनी उठवला. किनाऱ्यावरून रापण ओढणारे हे लोक. ट्रॉलर अगदी काठाशी येऊन त्यांच्या तोंडचा घास नेत होते. माथानी सालढाणा या शिक्षकाने त्यांना एकत्र आणले. 1978 साली देशभरच्या मच्छीमारांचा मंच उभा राहिला. 1980 मध्ये गोवा-केरळात आणि 1981 मध्ये महाराष्ट्रात कायदे झाले, किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखला गेला. कागदावर, असे म्हणू या. केरळात उपोषणे चालूच राहिली; 1984 मध्ये कोझिकोडला सिस्टर अॅलिस उपोषणाला बसल्या. अखेर 1988 मध्ये तिथे पावसाळी ट्रॉलिंगबंदी आली.

आम्हांला 1994 चा संप अधिक बोलका वाटतो. 1991 च्या धोरणाने परदेशी जहाजांना खोल समुद्र खुला केला, तेव्हा कालपर्यंत भांडणारे होडीवाले आणि ट्रॉलरमालक एकाच बाजूला आले. थॉमस कोचेरी यांनी 1995 मध्ये पोरबंदरला उपोषण केले, मुरारी समिती बसली आणि 1997 मध्ये सरकारला तिच्या शिफारशी मानाव्या लागल्या.

पण या लढ्यात बोलला तो होडीवाला किंवा मालक. मालकाच्या ट्रॉलरवर राबणारा खलाशी मागेच राहिला, असे आमचे मत. रत्नागिरीच्या नौकांवर आज नेपाळचे कितीतरी तरुण आहेत. बंदी लागली की ते गाठोडे बांधून डोंगरात परततात.