कोरड्या फांदीवरचा मराठा

फाल्गुन लागला आहे आणि साल १८०१ आहे. तुम्ही ज्ञानगंगेच्या खोऱ्यात, बोथ्याच्या आसपासच्या उतारावर उभे आहात. अजून दोन वर्षांनी असईला आणि मग अडगावला तोफा धडाडतील. वऱ्हाडच्या महसुलावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही हक्क आहे. या उतारावर मात्र त्यातलं काहीच ऐकू येत नाही. सागाची पानं गळून वाळली आहेत, पाऊल टाकलं की पापडासारखी मोडतात. पळस फुलला आहे. आणि सलईच्या वठलेल्या फांदीवरून बारीक टकटक येते आहे.

थांबा. फक्त मान वर करा.

साळुंकीहून लहान, चिमणीहून थोडा मोठा, जेमतेम सतरा-अठरा सेंटिमीटरचा पक्षी. पाठ काळी, तिच्यावर पांढरे ठिपके. कपाळ पिवळं, आणि त्यामागे डोक्यावर लाल पट्टा, म्हणजे हा नर. मादीला तो लाल पट्टा नसतो. पोटाच्या खालच्या भागावर लालसर डाग आहे, तो फांदीआडून एकदाच दिसतो. हा मराठा सुतार. याच वर्षी इंग्लंडात जॉन लॅथम नावाचे एक वैद्य त्याचं शास्त्रीय वर्णन छापत आहेत. ते कधी हिंदुस्थानात आले नाहीत, पण पक्ष्याला नाव देतात ते मराठ्यांच्या मुलखाचं: मराठेन्सिस. तुमच्या डोक्यावरच्या पक्ष्याला त्याचं सोयरसुतक नाही. त्याला सालीखालची अळी हवी आहे.

त्याचे पाय बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. शेपटीची पिसं ताठ, ती खोडाला टेकवून तो बसतो, त्यामुळे उभ्या फांदीवरही त्याचा तोल ढळत नाही. तो ठोकतो, थांबतो, पुन्हा ठोकतो. मग जीभ आत सोडतो. या जिभेला आधार देणारी बारीक हाडं कवटीच्या मागून वळसा घेऊन थेट कपाळापर्यंत आलेली असतात. म्हणून ती चोचीबाहेर इतकी लांब जाते. डोकं दुखत नसेल का, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. उत्तरासाठी २०२२ पर्यंत थांबावं लागेल. कवटीत धक्का शोषणारी गादी असते, असं तोवर सगळे सांगत राहतील. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाचे सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकारी दाखवून देतील की तसं काही नसतं. डोकं हातोड्यासारखं ताठच राहतं आणि मेंदू इतका लहान असतो की तेवढा धक्का त्याला सोसतो.

आता एक क्षण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला चला. उत्तर अमेरिकेतलं मेपलचं रान, याच सुतार कुळातला पिवळ्या पोटाचा रसपिया सुतार. लिनियसने १७६६ मध्ये त्याचं नामकरण करून ठेवलं आहे. तो हिरव्या, जिवंत खोडावर ओळीने बारीक भोकं पाडतो. सालीआतून झाडाचं अन्न वाहून नेणारा गोड रस त्यांत साचतो, आणि कुंचल्यासारख्या केसाळ जिभेने तो रस टिपतो. भोकं सुकू नयेत म्हणून त्यांची देखभालही करतो. त्याच रसावर गुंजनपक्षी येतात, किडेही येतात. हिमालयातही तांबूस पोटाचा एक सुतार अशीच भोकं पाडून रस पितो.

पण इथे, घाटावर, झाडांचा स्वभाव वेगळा आहे. धावड्याला घाव घातला की पाझरतो तो डिंक, आणि हवा लागताच घट्ट होतो. सातपुड्याच्या पायथ्याला, आजच्या जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, कोरकू आणि निहाल हा डिंक वेचतात. सुताराचं पोट त्यावर भरत नाही. त्याला गोड हवं तेव्हा तो फुलांतला मध चाखतो. एरवी त्याचं सगळं जगणं मेलेल्या लाकडावर चालतं. अमेरिकेतला भाऊबंद जिवंत झाडाचा, आपला हा वठलेल्या झाडाचा. मला त्याच्याबद्दल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच.

हे पटायला फार मागे जावं लागेल. याच मुलखात, लोणारला, सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी. २०११ मध्ये झालेल्या कालमापनाचा हा आकडा आहे, त्याआधीचे अंदाज याहून बरेच अलीकडचे होते. उल्का बेसाल्टवर आदळली आहे. पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पडला आहे. तुमच्याभोवती एकही उभं झाड नाही. सुतार कुळ तेव्हाही दोन कोटी वर्षांहून जुनं आहे. तितके जुने अवशेष फ्रान्समध्ये सापडले आहेत. पण या काठावर सुताराला काम नाही. थांबून राहा. गवत येतं, झुडपं येतात, मग झाडं. तरीही त्याला काम नाही. झाडं म्हातारी व्हावी लागतात, त्यांच्या फांद्या वठाव्या लागतात, आत भुंगेरे शिरावे लागतात. हिरवं रान काही वर्षांत उभं राहतं. सुताराचं रान व्हायला झाडाचं एक पूर्ण आयुष्य लागतं.

पुढे सरका. १८७०, खामगाव. जलंबहून आलेला रेल्वेचा फाटा नुकताच सुरू झाला आहे, कापसाच्या गाड्या उभ्या आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला, आणि रान मागे हटत गेलं. बांधावर बाभळी तेवढ्या राहिल्या, कारण वखर-तिफणीला बाभूळ लागते. मराठा सुतार त्या बाभळींवरही राहिला, हा त्याचा चिवटपणा. पण बाभळीची वाळकी फांदी चुलीला सगळ्यात आधी जाते. सरपण गोळा करणाऱ्या बाईला मी दोष देणार नाही. तिच्या घरी चूल पेटायची असते.

१९९७. ज्ञानगंगा अभयारण्य झालं. डिसेंबर २०१९ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथे पोचला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याचा शेकडो मैलांचा प्रवास देशभर गाजला. गाजायलाच हवा होता. पण त्या वाघाच्या डोक्यावर, वठलेल्या फांदीत, जे चाललं होतं त्याची बातमी झाली नाही.

ती आता या उन्हाळ्यात, त्याच उतारावर पाहा. फांदीच्या खालच्या अंगाला जेमतेम दीड इंचाचं गोल तोंड आहे. नर-मादीने आळीपाळीने ते कोरलं. खाली भुसा पडला आहे. आत तीनएक पांढरीशुभ्र अंडी. अंधारातल्या अंड्यांना रंगाने लपायची गरज नसते. दोघंही उबवतात, दोघंही पिल्लांना चारतात. पिल्लं उडाली की बहुधा पुढच्या वर्षी ही जोडी नवं बीळ कोरेल, आणि जुनं रिकामं राहील.

रिकामं फार दिवस राहत नाही. स्वतः कोरता न येणारे लहान पक्षी अशी बिळं शोधतच असतात. राखी वल्गुली आत डोकावून गेली आहे. शेजारच्या फांदीवर सोनेरी पाठीच्या सुताराचं मोठं बीळ आहे, त्यावर साळुंक्या आणि पोपट यांचं भांडण सकाळपासून चालू आहे. अजून कोणी मागे हटलेलं नाही.