बार्शी लाईटची बदनामी

'बार्शी लाईट' रेल्वे म्हटले की आजही लोक गालात हसतात. चालत्या गाडीतून उतरावे, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा चढावे, हा विनोद तर पिढीजात. हलकी लाईन, त्यावर मरतुकडे इंजिन, म्हणून रडतखडत चाल, असा सरसकट समज आहे. चालीबद्दल वाद नाही. पण तिचे खापर इंजिनाच्या माथी फोडणे चूक आहे.

1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी ही 21 मैलांची अडीच फुटी लाईन सुरू झाली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप एका अटीवर अडून होता: कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको. तसे झाले की यार्डाला 30 पौंडांचा रूळ पुरतो. हिशेब करून पाहा. मैलाला सुमारे 47 टन रूळ लागतात; 60 पौंडी घातले असते तर 94.

आता या लाईनवरचे, लीड्सच्या किटसन कारखान्याचे टाकीचे (अंगावरच पाणी वाहणारे) इंजिन पाहा. आठ लहान चाके दांड्यांनी एकमेकांशी जखडलेली, सगळी ओढणारी. मागे कोळशाच्या भाराखाली चार चाकांची बोगी. ओढत्या चार आसांवर जेमतेम पाच-पाच टन, म्हणजे रुळाला न दुखवता पकडीसाठी वीस टनांच्या आसपास वजन. तेवढीच पकड दोन आसांवर साधायची तर एकेका आसावर दहा टन आले असते, आणि तो रूळ टिकला नसता. लहान चाकांनी वेग जातो, ओढ मिळते. इथे ओढच हवी होती. कापसाच्या गाठींना कसली घाई?

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे: मग रेल्वे कंपनीनेच पुढे टेंडरवाली (पाणी-कोळशाचा वेगळा डबा जोडलेली) इंजिने का घेतली? कारण लाईन वाढली. 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. दोनशे मैलांच्या पसाऱ्याला अंगावरच्या टाकीतले पाणी किती पुरणार? 21 मैलांसाठी केलेल्या यंत्राला त्यावरून नापास ठरवता येत नाही.

कॅल्थ्रॉपने हीच तत्त्वे इंग्लंडात लीक-मॅनिफोल्ड लाईनवर वापरली. तिची टाकीची इंजिनेही किटसनचीच. ती लाईन 1904 ला सुरू झाली आणि 1934 ला बंद पडली. बार्शीची नॅरोगेज एकविसाव्या शतकात ब्रॉडगेज होईपर्यंत चालू होती.