नर्मदेकाठून सागरपरिक्रमा

नर्मदेच्या परिक्रमेचा एक कडक दंडक आहे. परिक्रमावासीयाने नदीचे पात्र ओलांडावयाचे नाही. मैयाला सदैव उजव्या हाताला ठेवून एका तीराने जावयाचे आणि दुसऱ्या तीराने परतावयाचे. सबंध परिक्रमेत नौकेत पाय ठेवण्याची मुभा त्याला एकदाच मिळते, आणि तीही भडोचपलीकडे, जेथे नदी संपून समुद्र सुरू होतो तेथे. ग्वारीघाटावर अशा यात्रेकरूंचे तांडे नेहमी दृष्टीस पडतात आणि त्यांत मराठी बोल पुष्कळदा कानी येतात. त्यामुळे शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या बेताला भारतीय नौदलाने ‘सागरपरिक्रमा’ हे नाव दिले, तेव्हा जबलपुरात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे विशेष कौतुक वाटले. या परिक्रमेचे नियमही कडकच. ज्या बंदरातून निघावयाचे त्याच बंदरी परतावयाचे. सारी रेखावृत्ते छेदावयाची. विषुववृत्त निदान दोन वेळा ओलांडावयाचे. २१,६०० सागरी मैलांहून प्रवास कमी भरता कामा नये. सुएझ किंवा पनामा यांसारख्या कालव्याची जवळची वाट धरावयाची नाही. आणि होडी पुढे नेण्यास वाऱ्यावाचून दुसऱ्या कशाचे साहाय्य घ्यावयाचे नाही.

ही परिक्रमा करणारा पहिला भारतीय मराठी होता, त्याची होडी गोव्यात बांधली गेली आणि त्या कल्पनेचा जनकही एक मराठी आरमारी अधिकारीच होता, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. परंतु ती घडण्यास २०१० साल का उजाडावे लागले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

होड्यांचा दुष्काळ आपणांकडे कधीच नव्हता. कोकणपट्टीवर कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, नदीकाठी भोई, आणि आमच्या या प्रांती केवट नि ढीमर. आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि वलंदेज यांना सारखेच हैराण केले होते. पण ती युद्धाची नौका, आणि कोळ्याचा मचवा ही पोटाची. हौसेखातर स्वतःची होडी बाळगणारा, तिची डागडुजी आपल्या हातांनी करणारा आणि तिचे सुकाणू स्वतः धरणारा मराठी गृहस्थ आपल्या इतिहासात शोधूनही सापडणे कठीण. आपल्या लेखी होडीत बसणारा एक आणि वल्हे मारणारा दुसरा. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून जाताना नावाडी यमके जुळवून सांगतो त्या गमतीजमती आपण ऐकतो, हसतो, त्याच्या हातावर पैसे ठेवतो आणि पायऱ्या चढून वर येतो. वल्हे हाती घेऊन पाहावे, असे आपल्या मनातदेखील येत नाही.

युरोपातही प्रारंभी याहून वेगळे नव्हते. ‘यॉट’ हा शब्द मूळचा डच. तो पाठलाग करणाऱ्या चपळ गलबताचा वाचक. १६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा अॅम्स्टरडॅम शहराने त्याला अशी एक नौका नजर केली, आणि तेथपासून इंग्रज अमीर-उमरावांना ही चटक लागली. पण त्या नौका हाकीत ते पगारी खलाशीच. मालक आणि खलाशी एकाच देहात आणून दाखविला तो जोशुआ स्लोकम याने. शिडांच्या जहाजांचा काळ सरत आल्यामुळे बेकार झालेल्या या कप्तानाला कोणी एक मोडकी, शेतात पडून राहिलेली होडी देऊ केली. ती त्याने फळी फळी बदलून स्वतः नवी केली, १८९५ च्या एप्रिलमध्ये तो बोस्टनहून एकटाच निघाला आणि १८९८ च्या जूनमध्ये पृथ्वीला वळसा घालून परत आला. छंद म्हणून लहान होडी बाळगण्याची खरी कुळकथा येथून सुरू होते, असे आमचे मत आहे.

हिंदुस्थानात हा शौक साहेबाबरोबर आला. मुंबईचा यॉट क्लब १८४६ चा. आमच्या जबलपूरचा त्या काळाशी असलेला संबंध मात्र दुःखद आहे. फॉर्सिथ या लष्करी अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानातील रानांवर लिहिलेले पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बॉडिंग्टन नावाच्या इंजिनियराची हकीकत आहे. रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी आलेला हा तरुण भेडाघाटी नौकाविहारास गेला असता कड्यांवरील आग्या मोहोळ उठले. मधमाश्या चुकविण्यासाठी त्याने पाण्यात उडी घेतली आणि तो बुडाला. १८७० मध्ये मुंबईची लोहमार्गाची वाट जबलपुरात येऊन कलकत्त्याच्या वाटेला मिळाली. त्याच गाडीने पुढे आपल्यासारखे किती तरी मराठी चाकरमाने येथे आले. पण साहेबाचा टेनिस, बिलियर्ड आणि पुढे क्रिकेट मनापासून उचलणाऱ्या आपल्या लोकांनी त्याची होडी तेवढी उचलली नाही. खर्च हे त्याचे एक कारण खरेच. तरीही त्यामागे हाताने करावयाच्या कामाविषयीचा आपला जुना संकोच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. बॅट धरून हात काळे होत नाहीत. होडीला डांबर फासावे लागते.

या संकोचाची किंमत कोणती, हे दाखविणारी एक घटना खुद्द मुंबईत घडली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरील तरुण अधिकारी. त्याने १९६३-६४ मध्ये कुलाब्यास एक बत्तीस फुटी होडी बांधवून घेतली. नकाशा परदेशातून मागविलेला. पण सागवान हिंदुस्थानी आणि हात मुंबईच्या सुतारांचे. वाकस, रंधा आणि दोरीने फिरवावयाचा सामता, अशा पिढीजात हत्यारांनी तिचा कणा नि फासळ्या उभ्या राहिल्या. इराणी आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात; तेच नाव होडीला मिळाले. १९६५ च्या डिसेंबरात ती मुंबई सोडून आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला गेली. १४ जून १९६८ रोजी फालमथहून नॉक्स-जॉन्स्टन तीत एकटा निघाला आणि कोठेही न थांबता २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. तोवर जगात कोणी हे केले नव्हते. त्या शर्यतीत एकूण नऊ जण उतरले होते. कोणाच्या होड्या मोडल्या, कोणी वाटेतून माघार घेतली, आणि डोनाल्ड क्राउहर्स्ट हा तर समुद्रातच नाहीसा झाला. त्याच्या बायकामुलांना नॉक्स-जॉन्स्टन याने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड देऊन टाकले. शेवटपर्यंत टिकली ती एकटी मुंबईची होडी.

या विजयाने आपली छाती फुगावी हे स्वाभाविक आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ १८१७ सालची, आणि ती आजही इंग्लंडात तरंगते आहे. तेव्हा आपल्या कारागिरांच्या हाताला यश नवे नव्हते. परंतु होडी बांधणे आपल्याकडे, स्वप्न पाहणे दुसऱ्याकडे आणि इतिहासात नाव तिसऱ्याचे, ही विभागणी ‘सुहैली’पर्यंत तशीच चालत आली. स्वातंत्र्य मिळून तेव्हा सतरा वर्षे होऊन गेली होती.

ती मोडावी असे ज्यांना मनापासून वाटले ते व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. १९२७ साली सुरतेस जन्मलेल्या आवटींनी ‘डफरिन’ या शिक्षणनौकेवर पहिले धडे घेतले, १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविले आणि १९८३ मध्ये पश्चिम विभागाचे आरमारप्रमुख म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी घर केले ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावी, म्हणजे जेथे समुद्र तर राहोच, पावसाचीही वाट पाहावी लागते अशा मुलखात. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना त्यांनी वर्षानुवर्षे नौदलापुढे मांडली. त्याआधी सैन्याच्या इंजिनियर तुकडीतील अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ नावाच्या होडीतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीला फेरी घातली होती. पण ती होडी परदेशातून विकत घेतलेली, आणि प्रवास अनेकांनी मिळून केलेला. आवटींना एवढ्याने समाधान नव्हते. निवृत्त माणसाच्या सूचनेची कचेरीत काय गत होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. ती सूचना टेबलावरून टेबलावर फिरत जिवंत राहिली, हेच नवल. अखेर २००६ मध्ये मंजुरीचा मार्ग मोकळा झाला आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी आपण होऊन पुढे येऊन हे काम अंगावर घेतले.

येथून पुढचा भाग या लेखकास सर्वांत मोलाचा वाटतो. दोंदे केवळ तयार होडीची वाट पाहत बसले नाहीत. खुद्द नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे त्यांनी काही काळ उमेदवारी केली, आणि मग गोव्यात मुक्काम करून होडीच्या बांधणीत ते अथपासून इतिपर्यंत राहिले. बांधणारे रत्नाकर दांडेकर. मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर त्यांचा कारखाना. फायबरग्लासच्या होड्या ते करीत, पण महासागराच्या योग्यतेची छप्पन्न फुटी शिडाची नौका त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती. आराखडा डच, अंग लाकडी पट्ट्यांचे आणि त्यांवर फायबरग्लासचे लेप. मांडवीचेच दुसरे नाव ‘म्हादेई’. ते होडीला देण्यात आले. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलाच्या स्वाधीन झाली. ज्याला ती हाकावयाची होती त्याला तिचा सांधा न् सांधा आता ठाऊक होता, आणि भर समुद्रात काही मोडले तर कोणता स्क्रू कोठे बसविला आहे हे कोणाला विचारावे लागणार नव्हते. मालक, कारागीर आणि खलाशी यांच्यातील भिंत आपल्याकडे प्रथम पडली ती या दिवाडी बेटावर.

१९ ऑगस्ट २००९ रोजी, भर पावसाळ्यात, दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेतील केपटाउन अशा चार ठिकाणी ते थांबले. न्यूझीलंड सोडल्यावर दक्षिण महासागरातून केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंडला पोचावयाचे. खलाशांच्या दुनियेत याहून वाईट नाव असलेली वाट नाही. बरोबर नऊ महिन्यांनी, १९ मे २०१० रोजी ते मुंबईस परतले. पुढे याच ‘म्हादेई’तून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता तीच फेरी पुरी केली. दांडेकरांच्याच कारखान्यातून आलेल्या ‘तारिणी’तून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये, आणि आणखी दोघींनी २०२४-२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली.

हे सर्व नौदलाच्या पाठबळावर झाले, त्याला छंद कसे म्हणावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच खोटा नाही. स्वतःच्या पैशाने होडी बांधून ती हाकणारा मराठी गृहस्थ आजही विरळाच. पण छंद रुजण्यासाठी आधी उदाहरण लागते, आणि पाणी समुद्राचेच हवे असेही नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर लहान मुलांना शिडाची होडी शिकविण्यात येते. तेथेच तयार झालेल्या, देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, नेहा ठाकूर हिने, २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत एकेरी होडीच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. देवासहून समुद्र किती दूर आहे, हे नकाशात पाहावे. आमच्याजवळ तर बरगीच्या धरणाचा अफाट जलाशय पसरला आहे. रविवारी तेथे जाणारी आपली मंडळी अजून तीरावर सतरंजी अंथरून बसतात.

‘सुहैली’ची गोष्ट मात्र येथे संपली नाही. १९६८ च्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये जुन्या पद्धतीची शर्यत पुन्हा भरविण्यात आली. तीत अभिलाष टॉमी उतरले ते ‘थुरिया’ नावाच्या होडीतून. ही ‘थुरिया’ म्हणजे बत्तीस फुटी ‘सुहैली’चीच प्रतिकृती, आणि ती बांधली होती दांडेकरांनी गोव्यात. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातील वादळाने तिची डोलकाठी मोडली. टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले. ‘थुरिया’ तेथेच सोडून द्यावी लागली. पुढे चार नोव्हेंबरला आवटी निवर्तले. टॉमी पुन्हा उभे राहिले आणि त्याच शर्यतीच्या २०२२ च्या खेपेस उतरून, निघाले त्याच बंदरी २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने परतले.