कराची ते मुंबई : एका हवाई अंतराचा इतिहास

दोन शहरांमधील अंतर भूगोल ठरवितो. ते तोडावयास लागणारा वेळ मात्र पुष्कळदा इतिहास ठरवितो. कराची आणि मुंबई या दोन बंदरांची हकिकत त्याची साक्ष देते.

आकाशमार्गाने या शहरांमध्ये सुमारे ८८० किलोमीटरांचे अंतर आहे. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव कराचीतील एक जुनी शाळा अद्याप धारण करून आहे.

१९२९ मध्ये लंडन-कराची हवाई टपाल सुरू झाले. सुमारे सात दिवसांत एवढा पल्ला गाठणारे टपाल कराचीस मात्र विमानातून उतरे आणि पुढे दक्षिणेकडे आगगाडीच्या गतीने जाई. ही उणीव भरून काढण्याची योजना नेव्हिल व्हिन्सेंट आणि जे. आर. डी. टाटा यांनी हाती घेतली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून आपले एका इंजिनाचे 'पस मॉथ' विमान उडविले. बरोबर होत्या त्या टपालाच्या थैल्या. वाटेत अहमदाबादेस विमान उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणविले होते. दुपारी दोनच्या आत टाटा जुहूस पोचले. मुक्कामासह हा प्रवास सव्वासात तासांत पुरा झाला. पुढे तेच टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

यानंतर विमानांचा वेग वाढतच गेला. जेट विमानास हे अंतर दीड तासाचे झाले. परंतु १९४७ मध्ये मधे सरहद्द आली होती. १९७१ मध्ये तुटलेला हवाई संबंध १९७६ मध्ये पुन्हा जुळला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ७८ वर्षांच्या टाटांनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून त्याच मार्गाने पुन्हा उड्डाण केले; तेव्हा ती वाट मोकळी होती.

पुढे ती नियमित सेवाही थांबली, आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. थेट सेवा नसली म्हणजे प्रवाशाने प्रथम पश्चिमेस दुबईसारखे शहर गाठावयाचे आणि तेथून मागे वळावयाचे. ८८० किलोमीटरांसाठी असा तीन हजारांहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो. दोन उड्डाणे आणि मधली प्रतीक्षा मिळून सहज सात-आठ तास जातात. प्रवेशपरवान्यासाठी घालवावे लागणारे दिवस त्यात धरलेले नाहीत.

बैलगाडीने आणलेल्या पेट्रोलवर उडालेले ते चिमुकले विमान म्हणूनच आजच्या प्रवाशाहून मागे पडत नाही. यंत्राने आपले काम चोख केले आहे. वाट मोकळी करण्याचे उरलेले काम माणसांचे आहे.