बागपतचा घाट आणि संगणकाची चाळणी

ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकला, तेव्हा अब्दाली यमुनेच्या पलीकडे होता. नदी भरलेली, ती ओलांडून तो येईल, हे मराठ्यांच्या हिशेबात नव्हते. महिनाअखेर तो बागपतजवळ नदी उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पुढचे पानिपत आपणांस ठाऊक आहेच. 'या मार्गाने कोणी येणार नाही' असे गृहीत धरून एखादा मार्ग हिशेबातून वगळणे किती महाग पडते, याचे याहून मोठे उदाहरण मराठी माणसास सांगावयास नको.

आज हेच वगळण्याचे काम वाहतुकीचे प्रतिरूप तयार करणारी संगणक-प्रणाली करते. तिला ते करावेच लागते. उभे-आडवे दहा-दहा गाळे असलेल्या चौकटीदार नगरात, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कोठेही मागे न वळता जाण्याचे मार्गच १,८४,७५६ होतात. वळसे धरले तर त्याहून कितीतरी अधिक. १९५९ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली. परंतु सगळी वाहने एकाच मार्गावर लोटली, तर चित्र खोटे ठरते. १९७१ मध्ये रॉबर्ट डायल यांनी तोडगा सुचविला: ज्या मार्गाचा प्रत्येक टप्पा प्रवाशाला आरंभस्थानापासून दूर आणि गंतव्याच्या जवळ नेतो, तोच समंजस मार्ग. एकेका मार्गाची यादी न करता वाहने अशा मार्गांवर वाटून देण्याची सोय त्यांच्या रीतीत होती. बाकीचे मार्ग चाळणीवरच राहत.

प्रश्न असा, की 'जवळ' आणि 'दूर' मोजावयाचे कशाने? किलोमीटरने, मिनिटांनी, की रुपयांनी?

दिल्लीने याचे उत्तर अनुभवाने शिकविले. शहरात काहीही काम नसलेले मालट्रक वर्षानुवर्षे दिल्लीतून जात. नियोजकास हा अविचार वाटे. चालकास तो हिशेब होता, कारण बाहेरच्या महामार्गांपेक्षा शहरातून जाणे स्वस्त पडे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहनांवर ७०० आणि १३०० रुपयांचे पर्यावरण भरपाई शुल्क बसविले व डिसेंबरमध्ये ते दुप्पट केले. रस्ता तोच राहिला, बदलली ती त्याची किंमत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये.

मे २०१८ मध्ये कुंडली ते पलवल हा १३५ किलोमीटरचा पूर्व परिघीय द्रुतगती मार्ग खुला झाला. कुंडलीहून त्यावर वळलेला ट्रक आरंभी पलवलच्या जवळ येतच नाही. तो पूर्वेला सरकतो, यमुना ओलांडतो आणि बागपत जिल्ह्यात शिरतो. नुसते अंतर मोजणारी कडक चाळणी हा मार्ग असमंजस म्हणून टाकून देऊ शकते. म्हणजे ज्या रस्त्याचा लाभ अजमावयाचा, त्यावर संगणकाच्या पडद्यावर एकही वाहन दिसणार नाही, आणि अहवाल मात्र आकड्यांनी भरलेला असेल.

म्हणून अशा अहवालावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्षाच्या आधी एक प्रश्न विचारावा: चाळणीने कोणते मार्ग टाकले, आणि कोणत्या मोजमापाने? त्याचे उत्तर तंत्रज्ञाकडे असेल; पण ते मोजमाप मान्य करण्याची जबाबदारी प्रशासनाचीच आहे.